दुखलंच नाही

आमच्याकडे पाय तयार व्हायचे. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुण्याच्या खोलीला लागून, दोन लांबट खोल्या होत्या. पहिलीत माप घ्यायचं, दुसरीत कापणं, घासणं, जोडणं. मी पट्टे शिवायचे. नवा पाय मांडीला धरून ठेवणारे चामड्याचे पट्टे. माझ्या शेजारच्या टेबलावर साचेकाका असायचे. त्यांचं खरं नाव पगारापुरतं. बाकी डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे ते साचेकाका.

कापल्यावर जो पाय उरतो त्याला तिथे स्टंप म्हणत. त्या स्टंपवर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळायची, वाळली की अलगद काढायची, त्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून तसाच्या तसा ठोकळा बनवायचा. मग त्या ठोकळ्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढलं की पाय बसायची खोबण तयार. हे साच्याचं काम काकांचं. हात असा हलका, की माणूस विचारायचा, "काका, माप घेतलंत की अजून घ्यायचंय?"

झालेल्या कामांचे ठोकळे भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने उभे असत. पांढरे, गुळगुळीत, कुणाचे गुडघ्याखालचे, कुणाचे वरचे. नवीन माणूस आत आला की आधी तिकडे बघायचा आणि बोलता बोलता थांबायचा. काकांना प्रत्येक ठोकळा ओळखू यायचा. माणूस वारल्याचं कळलं की ते त्याचा ठोकळा फळीवरून उतरवून थोडा वेळ हातात धरत आणि मग फोडायला देत.

अपघातात पाय गेलेला माणूस तो कसा गेला ते तिखटमीठ लावून सांगतो. गाडी कुठून आली, ब्रेक कसा लागला नाही, सगळं. साखरेच्या आजाराने पाय गेलेल्यांकडे सांगायला गोष्टच नसते. ते एकच वाक्य बोलतात. "दुखलंच नाही हो. दुखलं असतं तर आधीच आलो नसतो का?"

हे वाक्य आलं की काकांचा हात क्षणभर थांबायचा. मी ते पुष्कळदा पाहिलं होतं. का थांबतो, ते विचारायची हिंमत व्हायला मला बरीच वर्षं लागली.

काकांचे वडील बेकरीत भट्टीवर होते. मोठा गमत्या माणूस. घरी येताना कपड्यांना लोण्याचा आणि जळक्या साखरेचा वास, खिशात मोडकी बिस्किटं. काका आणि त्यांची धाकटी बहीण त्या खिशांवर तुटून पडत. वडिलांची एक करामत होती. भट्टीतून काढलेल्या पत्र्याच्या कडेला ते उघडा तळपाय टेकवून उभे राहायचे आणि पोरांना विचारायचे, "सांगा, कोण आहे तुमचा बाप?"

"लोखंडाचा!" दोघं ओरडायची आणि टाळ्या वाजवायची.

"भट्टीनं कातडं पोलादाचं केलंय माझं. काही म्हणजे काही कळत नाही."

ते खरंच होतं. त्यांना काही कळत नव्हतं. साखरेनं पायाच्या नसा आतून खाऊन टाकल्या होत्या आणि घरादाराला वाटत होतं, गडी खंबीर आहे. आईसुद्धा कौतुकानं हसायची. मग एकदा टाचेला भाजलं, त्याची जखम झाली, ती कुणाला दिसली नाही, आणि दिसली तेव्हा ती पोटरीपर्यंत चढली होती. पाय कापावा लागला.

काका तेव्हा सुतारकाम शिकत होते. वडिलांना बसवलेला पाय टोचायचा, म्हणून त्यांनी तो घरी घासून, आतून मऊ करून दिला. ते काम बघून इथल्या जुन्या उस्तादांनी विचारलं, "पोरा, लाकडाच्या खुर्च्यांपेक्षा हे कर की." असे ते या कामाला लागले. वडील त्या पायावर फार दिवस चालले नाहीत. आधी दुसरा पाय खराब झाला, मग डोळे, मग मूत्रपिंडं.

"पण चालायचे तेव्हा कसे चालायचे, सांगू?" काका मला म्हणाले होते. "एक पाऊल मऊ, एक टणक. मऊ, टणक. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत. बाई, ते अजून चालतात."

मी सुई खाली ठेवली.

"रात्रीबित्री नाही. भुताखेतांसारखं काही नाही. भर दुपारी. सुटीच्या दिवशी घर जेवून निजलेलं असतं, नळ बंद, रस्ता बंद. तेव्हा येतो आवाज. मी उठून बघतो. कुणी नसतं. झोपायच्या खोलीच्या दारामागे त्यांचा पाय उभा असतो, बूट घातलेला. तेवढाच."

"तो ठेवलाय कशाला मग?"

"टाकू कुठे?" ते म्हणाले.

वडिलांचा पाय गेला त्या वयाला काका आले, त्या सुमाराला आमची सगळ्यांची तपासणी झाली. काकांच्या रक्तातली साखर काठावर निघाली. आजार म्हणावा इतकी नाही, निश्चिंत व्हावं इतकीही नाही. चरबीचे आकडेही वर. डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. ही तरुण मुलगी, बोलायला चटपटीत, पण समोरच्याचं ऐकून घ्यायची. तिनं सांगितलं ते काकांनी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं, पोर परीक्षेचा धडा म्हणून दाखवतं तसं.

"ती म्हणते, पोट भरणं हे अन्नाचं एक काम. काही पदार्थ त्याहून जास्त करतात. जव आणि ओट्स घ्या. त्यांच्यात चिकट तंतू असतो. तो पोटात खळीसारखा होतो, मग साखर रक्तात हळूहळू उतरते, एकदम उसळत नाही. चरबीलाही तोच धरतो. घेवड्याचे दाणे तसेच. जवस, अक्रोड हृदयासाठी. दही आतड्यासाठी. म्हणते, मैदा आणि साखर कमी करा, हे वाढवा, रोज चाला, आणि काठावरून मागे या. काठावरून मागे येता येतं, बाई!"

इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. फाशी टळलेल्या माणसासारखा दिसत होता.

आणि काका हात धुऊन त्या सल्ल्याच्या मागे लागले. घरातून पांढरा ब्रेड गेला, जॅम गेला, बिस्किटांचा डबा गेला. जवाचं सूप, जवाचं सॅलड, दह्यावर जवसाची पूड. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा पट्ट्यासाठी चामड्याचा तुकडा मागायला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "अहो, सकाळी दाणे, दुपारी दाणे, संध्याकाळी बिया. आमच्या घरात माणसं राहतात की पाखरं, हेच कळेनासं झालंय. उद्या मला घरटं बांधायला लावतील." आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले. पण काकू जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "हसतेय खरी. पण ते जेवत नाहीत हो. ते औषध घेतल्यासारखं गिळतात आणि दाराकडे बघत बसतात."

वर्षभरात त्यांची साखर खाली आली. चरबीही उतरली. त्यावर त्यांनी थांबायला हवं होतं. पण ज्याला बुडताना फळी सापडते, तो किनाऱ्यावर आल्यावरही ती सोडत नाही. त्यांनी ती दुसऱ्यांना द्यायला सुरुवात केली. माप द्यायला आलेल्यांना सांगू लागले, त्यांच्या मुलांना सांगू लागले. "अन्न नीट असेल तर कशाची म्हणून गरज पडत नाही," हे त्यांचं पालुपद झालं. ऐकायला बरं वाटायचं. कुणी अडवलं नाही. मीही नाही.

धाकट्या बहिणीला तर त्यांनी रोजचं जेवण पोचवायला घेतलं. ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात दिवसभर उभ्यानं काम. तिची गोष्ट काठावरची नव्हती. साखरेनं तिला कधीच धरलं होतं आणि ती गोळ्यांवर होती. भाऊ जव आणि घेवडा घेऊन यायचा, ती आनंदानं खायची, अगदी डबा बोटानं पुसून.

तो सुटीचा दिवस होता. भर दुपार. काकू जेवणाची मांडामांड करत होत्या, काका खुर्चीत डोळे मिटून पडले होते. घर असं शांत, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यावा. आणि जिन्याच्या बाजूनं आवाज आला.

मऊ. टणक. मऊ. टणक.

काका सांगत, आजवर तो आवाज नेहमी दूर जायचा. त्या दिवशी तो जवळ येत होता. ते काकूंना हाक मारायला वळले. काकूंनीच त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं हो? दारात कुणी आलंय वाटतं."

म्हणजे काकूंनाही तो ऐकू येत होता.

पावलं दाराशी थांबली. कडी वाजली. दार ढकलून धाकटी बहीण आत आली, हातात फुलकोबीचा गड्डा, तोंडभर हसू. "काय रे दादा, भूत बघितल्यासारखं काय बघतोस?"

तिनं बूट काढले. आमच्या कामात डोळ्याआधी नाक शिकतं. काकांना वास आला. ते खुर्चीतून उठून सरळ तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिचा पाय हातात घेतला. मोजा करंगळीशी चिकटला होता. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, म्हणून ती एका बाजूला झुकून टाच आपटत चालत होती, आणि ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"हे कधी झालं?"

"काय? अगंबाई!" तिनं वाकून पाहिलं. "नवा बूट घासला असेल. दुखलंच नाही, दादा. खरंच सांगते, काही कळलंच नाही."

काकू म्हणतात, यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी जखम पाहिली, रक्त पाहिलं, आणि विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

बहीण चादरीचा काठ बोटांत गुंडाळत राहिली.

"अगं, विचारतायत ते," काका म्हणाले.

"सोडल्या."

"सोडल्या? कधी? मी तुला कधी सांगितलं गोळ्या सोड म्हणून?"

"नाही सांगितलंस. पण तूच म्हणायचास ना, अन्न नीट असलं की कशाची गरज नाही. तुझी साखर उतरली. मला वाटलं, माझीही उतरेल." मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा गोळ्या घेतच होते, दादा. शेवटपर्यंत. ती डबी उघडायचे, गोळी घ्यायचे, आणि मग चालायला लागायचे. मऊ, टणक. मला गोळीची डबी उघडली की तोच आवाज येतो. म्हटलं, त्या वाटेनं नको. तुझी वाट बरी."

"तुलाही येतो?" काकांनी विचारलं.

"दुपारी," ती म्हणाली.

इतकी वर्षं दोन गल्ल्यांच्या अंतरावर दोघं भावंडं एकच आवाज ऐकत होती आणि एकमेकांना घाबरवायला नको म्हणून तोंडातून अवाक्षर काढत नव्हती.

तिची दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर घोटा गेला असता.

आहारतज्ज्ञ बाई वॉर्डात आल्या तेव्हा काका त्यांच्यावर उसळले. मी तिथेच होते, बहिणीसाठी कपडे घेऊन गेले होते. "तुमचंच ऐकून हे झालं! तुम्हीच म्हणालात, काठावरून मागे येता येतं!"

ती मुलगी खाली मान घालून ऐकत राहिली. मग तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"काका, तुम्हाला सांगितलं ते खोटं नव्हतं. तुम्ही काठावर होता, मागे आलात. चांगलं अन्न म्हणजे कुंपण. चोर बाहेर आहे तोवर कुंपणासारखं काही नाही. पण ताईंच्या घरात चोर कधीच शिरलाय. त्याला धरायला गोळ्या लागतात. कुंपण मोडायचं नाही, तेही हवंच. जव खाऊ देत, घेवडा खाऊ देत, गोळ्यांबरोबर. आणि खाण्यात मोठा बदल केला तर आम्हाला कळवायचं, म्हणजे गोळीचं प्रमाण आम्ही बघू. हे सगळं मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. तुम्ही घरी कुणाकुणाला सांगाल, ते मी विचारलंच नाही."

"नाही," काका म्हणाले. त्यांचा राग एव्हाना ओसरला होता, खांदे खाली आले होते. "मी विचारलं नाही. मला फक्त पळायचं होतं. जो रस्ता दिसला त्यानं पळालो, आणि तिचा हात धरून तिलाही पळवलं."

बहीण बिछान्यातून म्हणाली, "पळवलंस म्हणे! मला कुठे धड चालता येतंय." आणि ती हसली. आम्ही कुणीच हसलो नाही, तेव्हा ती रडायला लागली.

पुढच्या आठवड्यात काका वडिलांचा पाय कामावर घेऊन आले. चादरीत गुंडाळून, लहान मूल आणावं तसा. बहिणीनं घरी परतल्यावर पहिलं तेच विचारलं होतं, "तो अजून तिथेच आहे का?" त्यांनी तो टेबलावर ठेवला, बूट काढला, पट्टे सोडले. घोट्याच्या सांध्याचे स्क्रू गंजले होते, तेल सोडून बराच वेळ बसावं लागलं. सांधा धड होता, तो पुसून सुट्या भागांच्या खणात टाकला, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. खोबण मात्र वडिलांच्याच मापाची, जगात दुसऱ्या कुणाला बसणार नाही अशी. तिच्यात आतून त्यांनी तरुणपणी चिकटवलेला लोकरीचा मऊ नमदा अजून शाबूत होता. त्यावर हात फिरवत ते म्हणाले, "किती छान बसवला होता बघा, बाई." मग तोंड फिरवून त्यांनी ती करवतीखाली धरली.

"आता थांबेल आवाज," मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

पण तो थांबला नाही. काही महिन्यांनी मी विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं. सुटीच्या दुपारी अजून येतो. फरक एवढाच, की आता तो आला की ते उठून दार बघायला जात नाहीत, बहिणीला फोन लावतात.

"पाय बघितलेस?"

"बघितले."

"आरसा धरून? तळवे?"

"तळवेसुद्धा. तुला आला का?"

"आला. तुला?"

"मलाही आत्ताच." आणि मग दोघं थोडा वेळ फोन तसाच धरून बसतात.

तिच्यासाठी त्यांनी बुटात घालायचा तळवा बनवला, गेलेल्या बोटांच्या जागी भर देऊन. ती पुन्हा दुकानात जाऊ लागली, पण आता बसून काम करते, कपड्यांना गुंड्या लावते. सकाळी गोळी घेते, डबी उघडताना मोठ्यानं काहीतरी गुणगुणते. वरून भावाचं जव आहेच. साखर ताब्यात आहे. संपलेली नाही, ती संपत नसते, पण ताब्यात आहे.

माप घ्यायला येणाऱ्यांशी काका अजून बोलतात. मात्र बोलणं बदललं. पाय गेलेल्या माणसाला ते आता खाण्यापिण्याचं काही शिकवत नाहीत, आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीचं दार दाखवतात. ते बोलतात त्याच्यासोबत आलेल्या मुलाशी, मुलीशी. जे बाकावर बसून, फळीवरच्या ठोकळ्यांकडे बघायचं टाळत, बापाचं माप संपायची वाट बघत असतात. "तुमची साखर कधी बघितलीत?" बहुतेक जण उडवून लावतात. एक धट्टाकट्टा पोरगा तर चिडला. "मला काय धाड भरलीय?" म्हणाला. "मला कुठे काय दुखतंय?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "तेच तर म्हणतो मी," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा ओल्या पट्टीकडे वळले.

परवा त्यांची या वर्षीची तपासणी झाली. निकाल घेऊन ते आले तेव्हा मी त्यांचा चेहरा वाचायला गेले, पण काही वाचता येईना.

"काठावरच?" मी विचारलं.

"काठाच्या अलीकडे. थोडं अलीकडे."

"मग पेढा खाल्ल्यासारखं तोंड करा की जरा! सुटलात."

"सुटलो असं म्हणता येत नाही, बाई. अजून धरलं नाही, एवढंच. खातो, चालतो, बघतो. बाबांना एवढंही कुणी सांगितलं नव्हतं."

जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी डबा उघडला. शिजवलेला जव, त्यात घेवडा, लसूण, वर कसलीशी हिरवी पानं. माझ्याकडे माझा नेहमीचा बेकरीतला गोड बन होता. डब्याच्या झाकणात अर्धं वाढून त्यांनी ते माझ्या टेबलावर सरकवलं आणि खाऊ लागले.

माझी आई याच आजारानं गेली, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. चव बेताचीच होती. मीठ कमी होतं. मी ते सगळं खाल्लं.